आज्ञा लक्षात ठेवायच्या म्हणजे नेमके काय करायचे?

एका वाचकाने विचारले आहे: "जुना करार मराठीत वाचायला घेतला आहे. 'अनुवाद' नावाच्या पाचव्या पुस्तकात पानोपानी 'आठवण ठेव', 'विसरू नकोस', 'पाळ' हेच येते. आज्ञा ६१३ आहेत म्हणतात. एवढ्या लक्षात ठेवायच्या तरी कशा? पाठ करायच्या का? वाचताना सगळे पटते, निश्चयही होतो, पण चार दिवसांत तो विरून जातो. मुलांना काय सांगायचे हा आणखी वेगळा प्रश्न."

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या, घरातला. पुष्कळ वर्षे मुलांना प्रार्थना आणि मोठ्यांना तोराचे (जुन्या करारातल्या पहिल्या पाच पुस्तकांचे) आठवड्याचे भाग मराठीतून शिकवत आलो आहे. हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या ६१३ चे ओझे खाली ठेवा. हा आकडा तोरात कुठेही नाही. तो तालमुद या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, चर्चांच्या ग्रंथात रब्बी सिम्लाई यांच्या नावावर येतो: ३६५ 'करू नका' आणि २४८ 'करा'. त्याच चर्चेत पुढे म्हटले आहे की दावीद राजाने या सगळ्या ११ वर आणल्या, यशया संदेष्ट्याने ६ वर, मीखा संदेष्ट्याने ३ वर: न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे, देवासमोर नम्रपणे चालणे. शिवाय ६१३ पैकी कितीतरी आज्ञा याजकांच्या, मंदिरातल्या अर्पणांच्या, राजाच्या किंवा इस्राएलच्या भूमीतल्या शेतीच्या आहेत. एका माणसाला सगळ्या पाळायला कधीच सांगितलेल्या नव्हत्या. यादी अभ्यासकांना लागते. तुम्हाला सुरुवातीलाच ती हाती घ्यायची गरज नाही.

मग 'आठवण ठेव' म्हणताना मोशे, इस्राएल लोकांना मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून बाहेर काढणारा, कशाची आठवण ठेवायला सांगतो? पेन्सिल घेऊन अनुवाद वाचा आणि या एका वाक्याखाली रेघ ओढत जा: 'तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव.' हे वाक्य त्या पुस्तकात पाच वेळा येते (५:१५, १५:१५, १६:१२, २४:१८ आणि २४:२२). ते कोणत्या आज्ञांच्या शेजारी येते ते बघा. घरातल्या दासदासींनाही शब्बाथाची, म्हणजे शनिवारची, विश्रांती मिळावी. सहा वर्षे राबलेल्या दासाला सातव्या वर्षी मोकळे करताना रिकाम्या हाताने पाठवू नये. कळपातले, खळ्यातले, द्राक्षकुंडातले भरभरून द्यावे. सणाच्या जेवणाला परका, अनाथ आणि विधवा यांना बरोबर घ्यावे. परक्याचा न्याय बिघडवू नये, विधवेचे वस्त्र गहाण घेऊ नये. पाचवी जागा शेतातली आहे, तिच्याकडे पुढे येतो.

म्हणजे आठवायची आहे ती घडलेली गोष्ट. आपण कोणाच्या तरी विटा वाहत होतो, आपल्याला सुट्टी नव्हती, आपली दाद कोणी घेत नव्हते. आज माझ्या हाताखाली कोणी राबत असेल, तर हे आठवल्यावर त्याच्याशी कसे वागायचे ते सांगायला वेगळी यादी लागत नाही. माझ्या मते पाळण्याचे मूळ इथे आहे. केवळ हुकूम म्हणून पाळलेली आज्ञा हुकूम देणारा नजरेआड झाला की सुटते. स्वतःच्या भोगण्यातून कळलेली सहसा सुटत नाही.

हिब्रू शास्त्रात आठवण होते तेव्हा काहीतरी घडते, हेही ध्यानात घ्या. जलप्रलयात देवाला नोहाची आठवण झाली आणि लगेच वारा सुटला, पाणी ओसरू लागले. मिसरात इस्राएल लोकांचे कण्हणे देवाने ऐकले आणि त्याला अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याशी केलेल्या कराराची आठवण झाली. पुढच्याच अध्यायात मोशे जळत्या झुडपापाशी उभा आहे. उलट उदाहरण प्यालेबरदारांच्या नायकाचे. तुरुंगात योसेफाने त्याला विनवले होते, 'तुझे बरे होईल तेव्हा माझी आठवण ठेव.' तो सुटला, फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, हाती पुन्हा प्याला देऊ लागला आणि योसेफाला विसरला. योसेफाचे नाव त्याच्या डोक्यातून पुसले गेले होते असे मला वाटत नाही. पुढे दोन वर्षांनी फारोला स्वप्न पडले तेव्हा त्याला सगळे बारकाव्यांसह आठवले. मधल्या काळात त्याने काही केले नाही, आणि शास्त्र त्यालाच विसरणे म्हणते. तेव्हा 'आठवायचे की पाळायचे' असे दोन वेगळे खाने पाडू नका.

आता शेतात येऊ. अनुवादाचे २४, २५ आणि २६ हे अध्याय सलग वाचा. मला विचाराल तर या प्रश्नाचे सगळे उत्तर तिथे आहे.

चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे की कर्ज दिलेस तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. आणि तो गरीब असेल, त्याचे पांघरूणच गहाण असेल, तर सूर्य मावळताना ते परत कर, म्हणजे तो ते अंगावर घेऊन झोपेल. देणेकऱ्याच्या उंबऱ्याची आणि त्याच्या रात्रीच्या थंडीची काळजी वाहणारा हा कायदा मी दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी तिथे थांबतो. कारण कर्ज देणाऱ्याची बाजू सगळ्यांना कळते. दारात उभ्या सावकाराकडे आतून बघणाऱ्याची बाजू कळायला मिसर आठवावा लागतो.

त्याच अध्यायाच्या शेवटी ही आज्ञा आहे: पीक कापताना एखादी पेंढी शेतात विसरलास तर ती आणायला परत जाऊ नकोस, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. जैतुनाचे झाड एकदा झोडपलेस की पुन्हा डहाळ्या चाचपू नकोस. द्राक्षमळा एकदा खुडलास की राहिलेले घोस वेचू नकोस. आणि मग ते वाक्य, पाचव्यांदा: तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव.

यातली गंमत, खरे तर खोली, पाहा. ज्या पुस्तकाने विसरू नका, विसरू नका असा धोशा लावला आहे, त्यातली ही आज्ञा विसरल्याशिवाय पाळताच येत नाही. ठरवून पेंढी टाकून आलात तर ते दान झाले, चांगलेच झाले, पण ही आज्ञा पाळली गेली नाही. तोसेफ्ता या जुन्या संग्रहात एका भाविक शेतकऱ्याची गोष्ट आहे. त्याच्याकडून शेतात पेंढी विसरली गेली, तेव्हा त्याने मुलाला सांगितले, जा, माझ्या नावाने बैलाचे होमार्पण कर आणि शांत्यर्पणही कर. मुलगा म्हणाला, बाबा, तोरातल्या बाकी सगळ्या आज्ञांपेक्षा याच आज्ञेचा एवढा आनंद का? बाप म्हणाला, बाकीच्या सगळ्या आपण समजून-उमजून पाळाव्यात म्हणून दिल्या. ही आपल्या नकळत घडावी म्हणून दिली.

पंचविसावा अध्याय मी इथे ओलांडतो. त्याच्या शेवटी अमालेकाने, म्हणजे वाटेत इस्राएलवर चालून आलेल्या लोकांनी, काय केले ते विसरू नको अशी कठीण आज्ञा आहे आणि तिच्यावर वेगळे लिहावे लागेल. एवढेच टिपून ठेवा की अमालेकावर ठेवलेला दोष थकून मागे पडलेल्या दुबळ्यांवर हल्ला केल्याचा आहे.

सव्विसाव्यात शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकापुढे उभा राहतो आणि काही वाक्ये बोलतो. 'माझा मूळ पुरुष भटका अरामी होता. तो मिसरात गेला. मिसरी लोकांनी *आम्हाला* छळले. *आम्ही* परमेश्वराचा धावा केला.' हा माणूस मिसरात कधीच नव्हता. त्याच्या आधी कित्येक पिढ्या कनानात, म्हणजे इस्राएलच्या भूमीत, जन्मून गेल्या असतील. तरी तो 'त्यांना' म्हणत नाही. आणि शेवटी म्हणतो, 'म्हणून हे परमेश्वरा, तू दिलेल्या भूमीचे पहिले फळ *मी* आणले आहे.' टोपलीचे वजन हातांवर असताना हे तोंडाने बोलायचे असते. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री आमच्या घरांत हग्गादा ही पोथी वाचतात तिचा मोठा भाग याच ओळींच्या विवरणाने भरला आहे. मोठ्यांना मी सांगतो, ज्या दिवशी हे वाचताना 'ते' मनात येईल त्या दिवशी थांबा आणि पुन्हा वाचा.

लगेच पुढे तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाचा नियम आहे. धान्याचा दहावा भाग लेवी (मंदिराची सेवा करणारे कुळ), परका, अनाथ आणि विधवा यांना देऊन झाला की शेतकऱ्याने देवासमोर म्हणायचे: 'तुझी एकही आज्ञा मी मोडली नाही, विसरलो नाही.' हे म्हणण्याचा अधिकार त्याला कशाने आला? घरातले धान्य बाहेर पडून ज्यांचे होते त्यांच्या पोटात गेल्याने. आज्ञा लक्षात राहिल्या हे ओळखायचे कसे, असेही मी तुमच्या प्रश्नातून वाचतो. तोरात ही एक परीक्षा दिली आहे, आणि तिच्यात पाठांतराला गुण नाहीत.

असे असले तरी माणूस विसरतो, आणि हे शास्त्र माणसाच्या मनावर अजिबात विसंबत नाही. म्हणूनच आठवण वस्तूंत, वेळांत आणि शरीराच्या अवयवांत बांधून ठेवली आहे.

तोरातल्या 'गणना' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात वस्त्राच्या कोपऱ्यांना गोंडे लावायला सांगितले आहे, त्यांत एक निळा दोरा. कारण दिले आहे: ते पाहून तुम्हाला परमेश्वराच्या सगळ्या आज्ञांची आठवण व्हावी, तुम्ही त्या पाळाव्यात आणि आपल्या मनामागे व डोळ्यांमागे भटकू नये. याच्या आधीच्या अध्यायांत बारा हेर कनान देश पाहून आले. बाराही जणांनी तेच पाहिले, तीच द्राक्षे, तीच माणसे. दहा जणांना त्यात फक्त राक्षसासारखे पुरुष दिसले आणि त्यांनी सगळ्या लोकांचा धीर खचवला. ज्या डोळ्यांनी घात केला त्या डोळ्यांसमोर दोरा लटकवला आहे, असे मी मुलांना समजावतो. निळा रंग समुद्रातल्या गोगलगाईपासून मिळायचा. ती विद्या शतकानुशतके हरवली, त्यामुळे बहुतेकांचे गोंडे आजही पांढरेच असतात. सकाळच्या प्रार्थनेत चारही कोपरे मुठीत घेऊन हा उतारा म्हणतात, आणि गोंड्यांचा उल्लेख आला की ते ओठांना लावतात. त्या क्षणी डोळे, हात, तोंड सगळे कामाला लागलेले असते.

दाराच्या चौकटीचेही तसेच. उजव्या बाजूला मेझुझा ही छोटी डबी, आत चर्मपत्रावर अनुवादातले दोन उतारे (६:४-९ आणि ११:१३-२१). पहिला 'हे इस्राएला, श्रवण कर', म्हणजे शेमा. तोच हातावर आणि कपाळावर बांधायच्या तफिलिन नावाच्या छोट्या डब्यांत आहे. बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना या गोष्टी बोलत राहा असे त्यात म्हटले आहे. दिवसाच्या अशा वेळा निवडल्या आहेत की ज्या कोणाच्याही दिवसातून चुकत नाहीत.

आणि शब्बाथ. निर्गमच्या विसाव्या अध्यायात शब्बाथाची आठवण ठेवायला सांगितले आहे, कारण देवाने सहा दिवसांत सृष्टी केली. अनुवादाच्या पाचव्यात शब्बाथ पाळायला सांगितले आहे, कारण तुम्ही मिसरात दास होता. दोन कारणे दोन बाजूंनी येऊन एकाच दिवशी भेटतात. त्या दिवशी मालक, दासी, परका, बैल आणि गाढव, सगळ्यांना सारखी सुट्टी. बैलालासुद्धा आठवड्याची सुट्टी देणारा कायदा ज्यांना स्वतःला सुट्टी नव्हती अशाच लोकांना सुचणार, असे मला नेहमी वाटते.

आता कोकणाचे सांगतो, कारण आठवण वस्तूंत आणि वेळांत बांधली की काय टिकते याचा पुरावा आमच्याच किनाऱ्यावर आहे. परंपरा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे ना तोराची गुंडाळी, ना रब्बी, ना हिब्रू शाळा. ते घाण्यावर तेल गाळू लागले, बोली मराठी झाली, पेहराव इथला झाला, आडनावे दिवेकर, पेणकर अशी गावांवरून पडली. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. मुलाची सुंता आठव्या दिवशी. खवले आणि पर नसलेला मासा चुलीवर जात नसे. आणि शेमा. बारसे असो, लग्न असो, मयत असो, तेवढे एक वाक्य म्हटले जाई, कारण हिब्रूतले तेवढेच उरले होते. आबच्या नवमीचा उपास, जो मंदिराच्या विध्वंसाचा दुखवटा आहे, तो आमच्याकडे 'बिरड्यांचा सण' म्हणून ओळखला गेला. यरुशलेमचे मंदिर पडल्याची आठवण वालाच्या बिरड्यांच्या आधाराने कोकणात टिकली.

परंपरेने असेही सांगतात की दावीद राहाबी नावाचा यहुदी माणूस आला तेव्हा त्याने पारख करायला बायकांपुढे मासळी ठेवली, आणि त्यांनी खवले-पर असलेली व नसलेली पटापट वेगळी केली. त्या बायकांना लेवीयचा अकरावा अध्याय कोणी वाचून दाखवलेला नव्हता. तो त्यांच्या हातांना येत होता. ग्रंथ नंतर आले. मुंबईत पहिले सिनेगॉग (यहुदी प्रार्थनालय) सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली. आमच्या लोकांनी ती उघडली तेव्हा त्यांना आपल्याच घरातले पुष्कळ काही त्यात सापडले.

उलटी बाजूही शास्त्रात आहे. यहूदाचा राजा योशीया याच्या अठराव्या वर्षी, इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, मंदिराची डागडुजी चालू असताना महायाजक हिल्कीयाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. कुठे? मंदिरातच. चिटणीस शाफानाने तो राजाला वाचून दाखवला आणि राजाने आपली वस्त्रे फाडली. याजक होते, अर्पणे चालू होती, इमारत उभी होती, आणि ग्रंथ तिथल्या तिथे हरवलेला होता. शास्त्र म्हणते की शास्त्यांच्या, म्हणजे राजांच्या आधीच्या पुढाऱ्यांच्या, काळापासून तसा वल्हांडण झाला नव्हता, असा तो त्याने पाळला. तरी पुढे यिर्मया संदेष्टा योशीयाचे गुण सांगतो तेव्हा वल्हांडणाचे नाव काढत नाही. म्हणतो, 'त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला. मला ओळखणे ते हेच नव्हे काय?' (यिर्मया २२:१६)

माणूस नेमका केव्हा विसरतो हेही मोशेने सांगून ठेवले आहे, अनुवादाच्या आठव्या अध्यायात. रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेले रोजचे अन्न, खात होता तेव्हा नाही. खाऊन तृप्त झालास, चांगली घरे बांधलीस, गुरेढोरे, सोने-रुपे वाढले, की म्हणशील, 'माझ्या हाताच्या बळाने हे मिळवले.' त्यावर उपायही तिथेच दिला आहे: खाऊन तृप्त झाल्यावर देवाचा धन्यवाद कर. उपाशी माणूस जेवणाआधी प्रार्थना करतोच. पोट भरल्यावर, ढेकर आल्यावर, उठून जायची घाई असताना करायची प्रार्थना जास्त महत्त्वाची ठरते. आमच्यात जेवणानंतरची प्रार्थना आधीच्यापेक्षा कितीतरी लांब आहे.

आता तुमच्या चार दिवसांत विरणाऱ्या निश्चयाबद्दल. माझा सल्ला असा की निश्चय करूच नका, गाठ मारा. एकच आज्ञा घ्या, तिला दिवसातली एक वेळ आणि एक वस्तू नेमून द्या. उदाहरणार्थ, लेवीय १९:१३ म्हणते, मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःपाशी ठेवू नकोस. घरी कामाला येणाऱ्या ताईंचा, गाडी धुणाऱ्याचा, रंगाऱ्याचा पैसा काम संपले त्याच दिवशी द्यायचा, त्यांनी मागायच्या आधी, आणि देताना मनात म्हणायचे, आम्ही मिसरात दास होतो. तुम्ही यहुदी नसाल तर तुमच्या घराण्यात कोणीतरी कधीतरी गिरणीत, सावकाराच्या शेतात, परक्या शहरात राबले असेल, त्याचे नाव आठवा. पण मिसरची कथा मात्र शास्त्राचीच ठेवा, तिला दुसरे रूप देऊ नका. एक आज्ञा अंगवळणी पडली की दुसरी तिच्या शेजारीच सापडते. लेवीयचा एकोणिसावा अध्याय त्यासाठी फार चांगला आहे.

शास्त्र ऐकून अपराधी वाटू लागले तर नहेम्याचा आठवा अध्याय वाचा. एज्रा या शास्त्र्याने यरुशलेमच्या पाणीवेशीसमोरच्या चौकात सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले. लेवी समजावून सांगत होते. लोक रडू लागले. त्यांना सांगण्यात आले, रडू नका, घरी जा, मिष्टान्न खा, गोड प्या आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांना वाटे पाठवा. दुसऱ्या दिवशी मांडवांच्या सणाची आज्ञा सापडली तेव्हा ते डोंगरावर जाऊन फांद्या घेऊन आले आणि धाब्यांवर, अंगणांत मांडव घातले. पश्चात्तापाला त्यांना एका दिवसाहून जास्त वेळ दिला गेला नाही, लगेच कामाला लावले.

मुलांचा प्रश्न राहिला. अनुवाद ६:२० मध्ये तो जसाच्या तसा आहे: 'पुढे तुझा मुलगा विचारील, या आज्ञांचा अर्थ काय?' उत्तरात बापाने आज्ञांचे विवरण करायचे नाही. 'आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो' इथून गोष्ट सुरू करायची. पण मुलाला प्रश्न पडण्यासाठी त्याला घरात काहीतरी वेगळे दिसले पाहिजे: दिवा लवकर लागलेला, पाव न फुगलेला, दुकान शनिवारी बंद, ताटातला पहिला वाटा बाहेर गेलेला. त्याने विचारेपर्यंत थांबा. विचारले की तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून सांगा, आणि सांगताना 'आम्ही' म्हणा.